पालिकेची नोटीस आली: नियमित करायचं, स्वतः काढायचं की लढायचं?

चार मजली अपार्टमेंट, खाली पार्किंग, वर गच्ची. जळगावात पिंप्राळ्याकडे, धुळ्यात देवपुरात, नंदुरबारच्या नव्या वसाहतींत अशा इमारती हव्या तितक्या. वरच्या मजल्यावाल्यानं गच्चीवर पत्र्याची खोली टाकलेली असते, मधल्या कुणी गॅलरी बंद करून हॉल वाढवलेला असतो आणि पार्किंगच्या कोपऱ्याला भिंत घालून तिथं ट्यूशन क्लास नाहीतर एखादं ऑफिस सुरू झालेलं असतं. मग कुणीतरी तक्रार करतं आणि नोटीस येते, तिन्हीची एकत्र. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो दंड भरून मोकळे होऊ, दुसरा म्हणतो कोर्टातून स्टे आणू.

दोन्ही तटांना मी एकच सांगेन. नोटीस एक असली तरी उत्तर एक असायची गरज नाही. गॅलरी, गच्ची आणि पार्किंग यांचं भवितव्य कायद्यापुढं वेगवेगळं आहे. तिघांनी मिळून एकच वकील लावला आणि एकच उत्तर दिलं, तर ज्याचं वाचण्यासारखं आहे तोही इतरांबरोबर बुडतो.

आधी नोटिशीवरचं कलम बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 54 असेल तर काम थांबवा एवढाच हुकूम असतो. कलम 53 असेल तर काढून टाका असा. परवानगी घेतली पण मंजूर नकाशा सोडून बांधलं, अशा प्रकरणात या कलमाखाली निदान महिनाभराची मुदत मिळते. मुळात परवानगीच नसेल तर हेच कलम चोवीस तासांवर येतं. जळगाव-धुळ्याला महानगरपालिका असल्यानं तिथं महापालिका अधिनियमाचं कलम 260 पण दिसेल. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार इथं नगरपरिषद, म्हणजे सही मुख्याधिकाऱ्यांची आणि कायदा नगरपरिषदांचा, 1965 चा. कुठलंही असो, नोटीस हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा. पुढचं सगळं गणित तिथून सुरू होतं.

नियमित करणं आणि स्वतः काढणं

खरी निवड या दोनांतच आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

नियमित करायचं तर कलम 53 मध्येच सोय आहे. नोटिशीच्या मुदतीत कलम 44 खाली बांधकाम ठेवू देण्याचा अर्ज टाकायचा. या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस निष्प्रभ राहते, आणि हे संरक्षण कोर्टाची पायरी न चढता मिळतं. बहुतेक लोक मुदत निघून गेल्यावर आर्किटेक्टकडे जातात, तिथंच ते गमावतात. अर्ज नामंजूर झाला तर कलम 47 खाली चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे.

पण अर्ज टाकला म्हणजे मंजुरी आली असं नव्हे. गॅलरीचं उदाहरण घ्या. भिंत घालून बंद केलेली गॅलरी घराच्या क्षेत्रात मोजली जाते, तेव्हा पहिला प्रश्न इमारतीत एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम, शिल्लक आहे का हा. बांधकामाच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीनं, म्हणजे यूडीसीपीआरनं, प्रीमियम भरून जादा एफएसआय घ्यायची वाट मोकळी केली. त्यामुळं जुन्या नियमांत न बसणाऱ्या काही गॅलऱ्या आता बसू शकतात. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मात्र ती वाट जवळपास बंद. आणि शिल्लक एफएसआय एकट्या फ्लॅटवाल्याचा नसतो, सगळ्या इमारतीचा असतो. सोसायटीचा ठराव आणि ना हरकत पत्र नसेल तर आर्किटेक्टनं कितीही सुंदर नकाशा काढला तरी फाईल अडकते. खर्चात तडजोड शुल्क, प्रीमियम, आर्किटेक्टची फी असं सगळं येतं आणि आकडा रेडी रेकनरच्या, म्हणजे जागेच्या सरकारी दरावर फिरतो. तो आधी कागदावर मागा. तोंडी अंदाजावर होकार देऊ नका.

पार्किंगची गोष्ट वेगळी. पार्किंगमध्ये भिंत घातली की नकाशात दाखवलेल्या गाड्यांच्या जागा कमी पडतात, मग नियमित करायला आधारच उरत नाही. वर सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये नहालचंद प्रकरणात स्पष्ट केलं की इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग सामायिक जागा आहे, बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. ‘मी बिल्डरला पैसे देऊन घेतलंय’ हे वाक्य त्यामुळं पालिकेपुढंही चालत नाही आणि शेजाऱ्यापुढंही. इथं माझा सल्ला सरळ आहे, भिंत स्वतः काढा.

गच्चीवरच्या खोलीलाही मी फारशी आशा दाखवणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, वरच्या मजल्यावर रात्री बारालाही स्लॅब तापलेला असतो, तेव्हा पत्रे टाकावेसे वाटणं समजू शकतं. पण गच्ची सगळ्यांची. उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, पापड वाळत घालायला बायका वर जातात आणि दाराला वरच्या मजल्यावाल्याचं कुलूप असतं. तक्रारीचा उगम पुष्कळदा तिथं असतो, एफएसआयमध्ये नव्हे. ज्यानं गच्चीची चावी स्वतःकडे ठेवली त्याला सोसायटी ना हरकत पत्र देईल ही अपेक्षाच फोल. उघड्या छपरानं काम भागत असेल तर खोली काढून, आधी सोसायटीचा ठराव करून, मग नगररचना विभागात लेखी विचारून पुढं जावं. पत्रे तसेच ठेवले तर पावसाळ्याआधीच्या वावटळीत ते शेजारच्या गाडीवर येतात, ते निराळंच.

स्वतः काढण्याचा फायदा लोक कमी लेखतात. तुमचा मिस्त्री छिन्नीनं भिंत सोडवतो, बीम सांभाळतो, प्लास्टर करतो. पालिकेचं पथक ब्रेकर घेऊन येतं. शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीला तडा गेला की नवं भांडण तुमच्याच दारात, आणि पाडण्याचा खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा तुमच्याकडूनच वसूल होतो. काढताना आधीचे-नंतरचे फोटो काढा, मलबा उचलल्याची पावती ठेवा, आणि ‘नोटिशीप्रमाणे काढलं आहे’ असं पत्र देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का घ्यायचा राहिला तर दोन वर्षांनी तीच नोटीस पुन्हा येऊ शकते.

लढणं

नोटीस चुकीची असेल तर जरूर लढा. मोजमापच चुकलं, नकाशात असलेली भिंत अनधिकृत दाखवली, किंवा काम फक्त आतलं आहे, तर मुद्दा आहे. कलम 43 नुसार घराच्या आतल्या भागापुरत्या, बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागतच नाही. फरशी बदलली, आतला ओटा सरकवला, यावर नोटीस आली असेल तर घाबरायचं कारण नाही.

सुनावणीचा मुद्दाही आता वजनदार झाला आहे. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाआधी, स्थानिक कायद्यात मुदत कमी असली तरी, किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि प्रत्यक्ष सुनावणी सक्तीची केली. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदीपात्र इथल्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. आणि महिनाभरानं, 17 डिसेंबर 2024 ला, त्याच न्यायालयानं दुसरं टोकही बजावलं. बांधकाम जुनं झालं, पैसा ओतला, अधिकारी इतकी वर्षं गप्प बसले, यातल्या कशानंही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. ‘दहा वर्षं कुणी काही बोललं नाही’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद त्या दिवशी संपला.

खर्च आणि वेळ मोजाल तर लढणं सगळ्यांत महाग. नगररचना अधिनियमाच्या कलम 149 मुळं अशा नोटिशीविरुद्ध दिवाणी दावा साधारणपणे टिकत नाही. मग राहतं उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्यानं किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटातून प्रत्येक तारखेला वकिलाची फी बांधून जायचं. आणि मिळालं तरी बऱ्याचदा काय मिळतं? ‘सुनावणी देऊन नव्यानं निर्णय घ्या.’ पार्किंगमधली भिंत तेवढ्यानं वाचत नाही. उलट कलम 52 खाली गुन्हा लागला तर किमान एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे, तिकडंही वकील लागतोच.

भाऊंना सांगू

चौथा पर्याय कुठल्याच कायद्यात नाही, पण निम्मी सोसायटी तोच निवडते. नगरसेवकाला फोन, ‘काळजी नको, बघतो.’ नोटीस कपाटात जाते. गंमत अशी की फोननं फाईल थांबते, मुदत थांबत नाही. कलम 44 चा अर्ज टाकायचे दिवस त्या फोनच्या भरवशावर निघून जातात आणि तक्रारदार माहिती अधिकारात कारवाईचा अहवाल मागतो, तेव्हा फाईल पुन्हा उघडते. ओळख असेल तर वापरा, पण सुनावणीची तारीख लवकर मिळवायला.

याच जातीचा दुसरा गैरसमज शास्तीचा. अनधिकृत बांधकामावर घरपट्टीबरोबर शास्ती लागते, लोक ती भरतात आणि पावती फ्रेम करण्याइतकी जपतात. शास्ती भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही, महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ मध्येच तसं लिहिलं आहे. तसंच नगररचना अधिनियमाच्या कलम 52-अ खालच्या, जुनी अनधिकृत बांधकामं नियमित करायच्या योजनेचं. 31 डिसेंबर 2015 नंतर बांधलेलं त्यात येतच नाही. एजंट काहीही सांगो.

तुम्ही तक्रारदार असाल तर

पालिकेत तक्रार करण्याआधी सोसायटीच्या सचिवांना लेखी द्या. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरबदल करायला समितीची लेखी परवानगी लागते, त्यामुळं समितीला हात झटकता येत नाहीत. समिती ढिम्म राहिली तर सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. गच्चीच्या कुलपासारख्या भांडणाला ते पालिकेपेक्षा जास्त उपयोगी, कारण पालिका खोली पाडेल, चावी मागून देणार नाही. पार्किंगच्या भिंतीसाठी उलट, पालिकाच बरी. सोबत मंजूर नकाशाची प्रत जोडा. ती नगररचना विभागात माहिती अधिकारात मिळते, आणि नकाशा जोडलेली तक्रार बाजूला सारणं अवघड जातं.

फ्लॅट विकायचा विचार असेल तर दोन्ही बाजूंनी लवकर मिटवा. डिसेंबर 2024 च्या त्याच निकालात बँकांनाही सांगितलं आहे की पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नका. गिऱ्हाईक कर्ज काढणारं असेल, तर बंद गॅलरीचा प्रश्न पालिकेआधी बँकेचा माणूसच विचारेल.