तांबडा, पांढरा आणि ‘रद्द करा’: थाळी हॉटेलातल्या ऑर्डर स्क्रीनचा रिव्ह्यू

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मटण थाळीच्या हॉटेलात दारातच उभा टचस्क्रीन बसवलाय. थाळी निवडायची, भाकरी की चपाती ते सांगायचं, क्यूआर स्कॅन करून पैसे भरायचे आणि टोकन घेऊन बसायचं. रविवारी दुपारी काउंटरवर होणारी रेटारेटी त्यानं खरंच कमी झाली आहे. निवडीचा भाग उत्तम जमलाय, पैसे भरताना मात्र गिऱ्हाईक अडकतं.

पहिल्या पानावर सहाच चित्रं: मटण, चिकन, अंडा आणि शाकाहारी थाळी, सोलकढी, जादा पदार्थ. पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये मांडलं. ही वाढ लॉगरिदमच्या हिशोबानं होते, म्हणजे पर्याय वाढत गेले तसा प्रत्येक नव्या पर्यायामागे वाढणारा वेळ कमी होत जातो, म्हणून सहाचे आठ झाले तरी फार बिघडत नाही. खिमा, सुकं आणि रश्श्याच्या वाट्या थाळ्यांत मिसळल्या असत्या, तर एकेक नाव वाचत बसावं लागलं असतं. त्या वेगळ्या पानावर ठेवल्या, हे योग्यच. ‘सातपेक्षा जास्त बटणं नकोत’ असा नियम मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखाच्या आधारानं सांगितला जातो, पण तो लेख तात्पुरत्या स्मरणाच्या मर्यादेबद्दल आहे. समोर दिसणारं बटण कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही.

बटणांचा आकारही चांगला, उंची अडीच सेंटीमीटरच्या आसपास. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटरची आहे. पण ती हातातल्या फोनसाठी. इथे माणूस उभ्यानं हात लांब करतो, एका हातात पिशवी असते, त्यामुळे मोठं बटण हवंच. फक्त ‘पुढे’ आणि ‘रद्द करा’ अगदी चिकटून आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांच्या १९५४ च्या सूत्राप्रमाणे जवळचं आणि मोठं लक्ष्य बोटाला पटकन सापडतं. ज्याच्यावर चुकून बोट पडू नये, ते म्हणूनच लांब आणि लहान ठेवायचं. ‘रद्द करा’ वरच्या डाव्या कोपऱ्यात गेलं पाहिजे.

रंगांची गंमत खास कोल्हापुरी आहे. तांबड्या रश्श्याचं बटण लाल, पांढऱ्याचं पांढरं. कल्पना छान, पण पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं टाकल्यानं ते बटण बंद असल्यासारखं दिसतं आणि लोक ते दाबतच नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो, गडद तपकिरी अक्षरं वापरली की काम झालं. आणि ‘रद्द करा’सुद्धा लालच! एकाच पडद्यावर लाल रंगाचे दोन अर्थ नकोत, त्याला करडा रंग द्यावा. ओळींतलं अंतरही वाढवायला हवं, कारण ‘सुकं’मधला उकार खालच्या ओळीला भिडतो.

आता पैसे. क्यूआर दिसला की ४५ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात फोन काढायचा, यूपीआय अॅप उघडायचं, स्कॅन करायचं, पिन टाकायचा. नेटवर्क मंद असेल तर वेळ संपतो, पडदा पहिल्या पानावर जातो आणि पूर्ण ऑर्डर पुसली जाते. पाच जणांच्या थाळ्या पुन्हा आठवून भरायच्या. पैसे उशिरा जमा झाले तर त्याहून वाईट, कारण ते कोणत्या ऑर्डरचे, हे स्क्रीनला कळत नाही. उपाय अवघड नाही: क्यूआरमध्ये ऑर्डर क्रमांक घालावा, वेळ संपल्यावर ‘अजून वेळ हवा का?’ विचारावं आणि ऑर्डर काही मिनिटं तशीच राखावी. पैसे पोचेपर्यंत पडदा गोठलेला दिसतो, तेही बदलावं. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांच्या मांडणीनुसार एका सेकंदापुढे विचाराची सलगता तुटते, दहा सेकंदांनंतर लक्षच उडतं. ‘बँकेकडून उत्तर येतंय’ एवढं लिहिलं तरी लोक दुसऱ्यांदा पैसे भरायला जाणार नाहीत.

टोकन विसरून जाणारेही बरेच. फोनवर पैसे गेल्याचा आवाज आला की मनात काम संपलेलं असतं. चिठ्ठी मात्र त्यानंतर, खाली गुडघ्याच्या उंचीवर निघते. एटीएममध्ये आधी कार्ड आणि मग नोटा देण्याची पद्धत याच विसरभोळेपणासाठी आली. इथे चिठ्ठीची फट क्यूआरशेजारी आणावी आणि टोकन क्रमांक पडद्यावर मोठ्या अक्षरात राहू द्यावा.

तोवर, यूपीआय अॅप उघडं ठेवूनच ‘पैसे भरा’ दाबा आणि चिठ्ठीसाठी खाली उजवीकडे बघा. रोखीचा काउंटर आत डाव्या हाताला सुरू आहे.