तुर्भे स्टोअर्सचं रविवारचं केंद्र: नाटक झकास, कागदांचं टेबल त्याहून कामाचं

मजुरीसाठी नाक्यावर उभं राहणाऱ्या आणि बांधकामाच्या साइटवर मुक्काम असलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी एक संस्था नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर्स भागात दर रविवारी हे केंद्र चालवते. कलबुर्गीकडचे वडार, लमाण, शिवाय उत्तर प्रदेशातली घरं. फी नाही, आधार मागत नाहीत. घरकामाच्या मावशींची किंवा वॉचमनदादांची मुलं पाठवायचा विचार असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

मुलं येतात ती नाटकासाठी. संहिता हातात देत नाहीत. टँकरची रांग, मुकादमाचा हिशोब असा एखादा प्रसंग देतात, मुलं आपापल्या बोलीत सुटतात, ताई लिहून घेतात. पाच-सहा रविवारांत वीस मिनिटांचं नाटक उभं राहतं. लमाणांची गोरमाटी, उत्तरेकडची भोजपुरी तशीच ठेवतात; मराठी फक्त सांधायला. नाटककार रत्नाकर मतकरींच्या पुढाकाराने ठाण्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या वस्तीतल्या मुलांच्या नाट्यउपक्रमाशी ओळख असलेल्यांना ही वाट नवी नाही. प्रत्येक भूमिकेला मात्र इथे दोन मुलं तयार करतात. होळीला गावी गेलेलं पोर कधी परतेल याचा नेम नाही, आणि बापाची साइट बदलली की बिऱ्हाड थेट उलव्याला.

वेळ दुपारी चार ते साडेसहा. आधी सकाळी होती, तेव्हा मुली यायच्याच नाहीत: पाणी भरायचं आणि कडेवर धाकटं. आता कोपऱ्यात सतरंजी, ठोकळे आणि एक मदतनीस असते. धाकटं तिथे सोडलं की मोठी मोकळी. केंद्राने केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

लेझीम मात्र नावापुरतं. वीस मुलांत सहा, त्यातल्या दोघांच्या साखळ्या सुतळीने बांधलेल्या. चकत्या अडकतात, ठोका पडतो तिथे आवाजच नाही.

खरा उपयोग दाराजवळच्या कागदांच्या टेबलाचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही (कलम १४), आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवूही शकत नाही (कलम ५). कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं (कलम ४). टेबलावरच्या ताई कलमं घालून अर्ज लिहून देतात, दोन प्रती काढतात, एकीवर शाळेची पोच घ्यायला लावतात. तोंडी ‘जागा नाही’ ऐकून परत फिरू नका, एवढं तीनदा बजावतात.

जातीच्या दाखल्याची आशा मात्र इथे ठेवू नये. लमाण आणि वडार कर्नाटकात अनुसूचित जातींत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. आणि इथला दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. काल-परवा आलेल्यांकडे तो असणार कुठून? केंद्राच्या पत्रकावर मात्र ‘सर्व दाखल्यांसाठी मदत’ असं ठळक छापलंय. त्यापायी लोक रविवारची मजुरी बुडवून येतात आणि हात हलवत जातात. ती ओळ काढायला हवी.

प्रवेशाचं काम असेल तर एप्रिलमध्येच गाठा. जूनमध्ये टेबलापुढची रांग जिन्याखाली उतरते आणि झेरॉक्सवाला रविवारी बंद असतो, तेव्हा असतील त्या कागदांच्या प्रती घरूनच न्या.