सॅस की आर: तारखेचा फॉरमॅट कुठे सांभाळावा लागतो

सॅस आणि आर ही दोन्ही आकडेवारीची सॉफ्टवेअर. लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव मी नाशिकला बसून आधी सॅसमध्ये मांडायचो, आता आरमध्ये. दोन्हीकडे तारीख म्हणजे आत साधा आकडा, दिवसांची मोजणी. सॅस १ जानेवारी १९६० पासून मोजतं, आर १ जानेवारी १९७० पासून. सॅसचा कच्चा आकडा आरमध्ये आणलात तर आधी ३६५३ वजा करा.

खरा फरक फॉरमॅटचा. सॅसमध्ये तो नुसता वरचा पेहराव. ०५/११/२०२४ असं दिसलं तरी आतला आकडा तसाच, त्यामुळे क्रम बिघडत नाही. आरचं फॉरमॅट फंक्शन मात्र तारखेचा मजकूरच करून टाकतं. मग क्रम डावीकडच्या अक्षरापासून लागतो, म्हणून ०५/११/२०२४ आधी आणि २८/१०/२०२४ नंतर! माझा दिवाळीच्या आसपासचा आलेख असाच उलटासुलटा झाला. भाव चढले की पडले, काही कळेना. आता मूळ स्तंभाला मी हात लावत नाही, फॉरमॅट फक्त छापताना.

आरमध्ये आणखी एक जपा. तारीख वाचताना वर्षाच्या खुणेत मोठ्या वायऐवजी (%Y) छोटा वाय (%y) लिहिलात, तर २०२४ मधले पहिले दोनच आकडे उचलले जातात आणि वर्ष होतं २०२०. चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

नवशिक्यासाठी सॅसची रीत मला जास्त सुरक्षित वाटते. पण आर फुकट मिळतं, म्हणून विद्यार्थ्यांना मी तेच शिकवतो.