कुंड्यांचा टायमरवाला ठिबक संच: घ्यावा, पण ड्रिपर बदलून

नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमर, १६ मिमीची काळी मुख्य नळी, ४ मिमीची बारीक नळी, तीसेक फिरकीचे ड्रिपर (कुंडीत थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं), थोडे टी (तीन तोंडांचे जोड), बुचं आणि मातीत खोचायच्या काड्या. ‘तीस कुंड्यांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या संचात साधारण एवढंच असतं, वेष्टनावर नाव कुणाचंही असो. छाटणी आणि कुंडीबदल आटोपला की उन्हं कडक व्हायच्या आत हा संच जोडून टाकावा. नवी पालवी फुटल्यावर झाडांमधून नळ्या ओढणं म्हणजे कोवळे शेंडे मोडणं.

संचातल्या नळ्या बहुधा चांगल्या असतात. काळ्या असल्यामुळे आत शेवाळ धरत नाही. टायमर ठीक. ड्रिपर मात्र सगळ्यात कच्चा भाग, आणि दाबाबद्दल वेष्टनावर जवळजवळ कधीच काही लिहिलेलं नसतं. खरा घोळ तिथेच होतो.

दाबाचा हिशोब सोपा आहे. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार (दाब मोजायचं एकक). गच्चीवरची टाकी नळापेक्षा २ मीटरच वर असेल तर हाती ०.२ बार. बऱ्याच स्वस्त टायमरमध्ये पडद्याचा सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने चालणारा) व्हॉल्व्ह असतो, त्याला उघडझाप करायला थोडा दाब लागतोच. कमी दाबावर तो अर्धवट उघडतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, नीट बंदच होत नाही. टाकीवर चालवायचं असेल तर मोटरने फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यावा. तो शून्य दाबावरही चालतो. उलट घरात प्रेशर पंप असेल तर दाब जास्त होऊन ४ मिमीचे जोड फटाफट सुटतात. तिथे दाब १ बारवर आणणारा रेग्युलेटर हवाच, आणि तो संचात सहसा नसतो.

फिरकीचे ड्रिपर दिसायला सोयीचे. फिरकी थोडी सैल केली की पाणी जास्त, आवळली की कमी. पण पाव फेऱ्याने प्रवाह इतका बदलतो की तीस कुंड्या सारख्या करताना सकाळ जाते, आणि पंधरा दिवसांत फिरकीत कण अडकून सगळं पुन्हा बिघडतं. त्याऐवजी ताशी २ किंवा ४ लिटरचे ठरावीक प्रवाहाचे ड्रिपर लावावेत. प्रेशर पंपावर दाब-समतोल राखणारे, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे, उत्तम. टाकीवर ते घेऊ नयेत, कारण सांगितलेला प्रवाह द्यायला त्यांना साधारण अर्धा ते १ बार लागतो.

टाकीवरच्या जोडणीत आणखी एक गोष्ट हमखास नडते. कुंड्या स्टँडवर वरखाली मांडलेल्या असतात. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ०.२ बारवर एखादी कुंडी १ मीटर वर ठेवली तर तिथला दाब निम्मा होतो आणि पाणी साधारण ७० टक्क्यांवर येतं. शिवाय व्हॉल्व्ह बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी खालच्या कुंडीत गळत राहतं. म्हणून वरच्या ओळीतल्या मोठ्या कुंडीला दोन ड्रिपर द्यावेत.

जोडणी करताना क्रम असा: नळ, टायमर, फिल्टर, लागला तर रेग्युलेटर, मग नळी. संचातली चपटी जाळी पुरत नाही. १२० मेशचा (इंचाला १२० भोकांच्या बारीक जाळीचा), उघडून धुता येणारा फिल्टर लावावा. गुंडाळीतली नळी आधी तासभर उन्हात पसरली की सरळ होते. जोड घुसत नसेल तर नळीचं टोक दहा सेकंद गरम पाण्यात बुडवावं. तेल किंवा साबण नको, पुढे जोड निसटतो. भोक पंचनेच पाडावं. खिळ्याने पाडलं की कडा फाटते आणि आयुष्यभर ठिबकतं, न बोलावता. टोकाचं बूच बसवण्याआधी पाणी सोडून नळी धुऊन घ्यावी, नाहीतर भोक पाडताना निघालेला प्लास्टिकचा चुरा थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो.

मग तपासणी. चार-पाच ड्रिपर पेल्यांत सोडावेत, त्यात पहिला आणि शेवटचा हवाच. १५ मिनिटांत २ लिटरवाल्याने अर्धा लिटर द्यायला हवं, ४ लिटरवाल्याने १ लिटर. टाकीवर आकडा कमी येईल. तो धरूनच वेळ ठरवायची. पेल्यापेल्यांत मोठा फरक दिसला तर फिल्टर, मुडपलेली नळी आणि उंची बघावी.

कडक उन्हात फळंफुलं धरलेल्या १२ इंची कुंडीला दिवसाला दीड ते दोन लिटर लागू शकतं. एकदम देऊ नये. कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडं पडलं की पाणी झिडकारतं, आणि ते कुंडीच्या कडेने तळातून वाहून जातं. पहाटे अर्धा तास आणि संध्याकाळी वीस मिनिटं जास्त उपयोगी. दुपारी चालवू नये, काळ्या नळीत साठलेलं पाणी तापलेलं असतं. कॅक्टस आणि मांसल पानांची झाडं या ओळीत जोडूच नयेत. एकच टायमर सगळ्यांना एकाच वेळापत्रकात बसवतो, आणि ती कुजतात.

देखभाल फार नाही. दर पंधरवड्याला फिल्टर धुणे, महिन्याला टोकाचं बूच काढून नळी वाहती करणे. पाणी क्षारयुक्त असेल तर ड्रिपर रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून चोळावेत. ड्रिपरचं तोंड मातीत गाडू नये. पाणी थांबताना ते माती आत ओढतं. काडीवर दोन बोटं वर ठेवावं आणि आच्छादन नळीवर पसरावं, ड्रिपरवर नाही.

टायमरच्या बॅटऱ्या अल्कलाइन घ्याव्यात. चार्ज होणाऱ्या बहुतेक सेल १.२ व्होल्टच्या असतात, काही टायमर त्यांना ‘संपली’ समजतात. बॅटरी मरताना व्हॉल्व्ह उघडा राहिला तर टाकी रिकामी होते. गावाला जाण्याआधी नव्या बॅटऱ्या घालून दोन दिवस टायमर घरी असतानाच चालवून बघावा, आणि नळाची चावी अर्धीच उघडी ठेवावी.