एक ठिपका, एक गुंठा : ‘भूनिधी’वरची उपग्रहचित्रं दोन वर्षं वापरल्यावर

माण तालुक्यात पाणलोटाचं काम करायला लागून मला सोळा वर्षं झाली. गावकऱ्यांबरोबर शिवारफेरी करायची, ओढे-नाले नकाशावर उतरवायचे, चर कुठे खणायचे नि बंधारा कुठे घालायचा ते ग्रामसभेत ठरवायचं, आणि दोन-तीन वर्षांनी परत जाऊन काय फरक पडला ते बघायचं. या शेवटच्या कामाला उपग्रहाची चित्रं लागतात. गेली दोन वर्षं ती मी ‘भूनिधी’वरून घेते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राची, म्हणजे इस्रोचीच ही फुकट सेवा. आमच्यासारख्या लहान संस्थांतल्या बऱ्याच जणांना ती अजून माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी काय होतं ते सांगते. 2016 साली एका गावाच्या कामासाठी आम्ही एका खासगी मध्यस्थाकडून एक चित्र विकत घेतलं. 18,000 रुपये दिले. आम्हाला हवं होतं पावसाळ्यानंतरचं, शाळू उभा असतानाचं. हातात पडलं ते एप्रिलमधलं, सगळा माळ करपलेला. पैसे परत मिळाले नाहीत, आणि गावाने वर्गणीतून दिलेले पैसे असे गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही विहिरींची पातळी टेपने मोजूनच काम चालवलं.

भूनिधीवर नाव नोंदवायचं, नकाशावर आपल्या भागाभोवती चौकट ओढायची, उपग्रह आणि तारखा निवडायच्या. प्रत्येक चित्राची छोटी प्रत आधी दिसते, त्यावरून ढग किती आहेत ते कळतं. मग पिशवीत टाकायचं आणि उतरवून घ्यायचं. फाइल शेकडो एमबीची असते, मी रात्री जेवणं झाल्यावर लावून ठेवते. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं, त्यात ती उघडते. आमच्याकडच्या बारावी झालेल्या दोन मुली हे सगळं आठवड्याभरात शिकल्या.

कुठलं चित्र घ्यायचं हे ठरवताना मी एकच हिशेब करते, गुंठ्याचा. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. चित्र ज्या लहान लहान चौकोनांचं बनतं त्यातला एक म्हणजे ठिपका; त्याहून बारीक काही दिसत नाही. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. गावात समजावून सांगायला याच्यासारखं माप नाही. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-3 कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे 24 मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांच्या आसपास. अख्ख्या पाणलोटाचा अंदाज घ्यायला तो पुरतो, पण वीस गुंठ्यांच्या तुकड्याबद्दल त्यावरून काही बोलू नये. त्यावरचाच लिस-4 कॅमेरा मात्र 5.8 मीटरचा, एका गुंठ्यात तीन ठिपके. विहिरीजवळची डाळिंबाची बाग आणि शेजारचं पडीक रान त्यात वेगवेगळं दिसतं. माझं निम्म्याहून जास्त काम लिस-4 वरच चालतं. शिवाय जुना साठा आहे. रिसोर्ससॅट-2 एप्रिल 2011 मध्ये वर गेला, त्यामुळे 2012-13 च्या दुष्काळातलं आमचं शिवारही आज बघता येतं. तेव्हा चारा छावण्यांवर जनावरं घेऊन राहिलेल्या माणसांना ते चित्र दाखवताना माझा आवाज दर वेळी हलतो.

मागच्या हिवाळ्यातली एक ग्रामसभा सांगते. मारुतीच्या देवळाची चुना दिलेली भिंत, समोर प्रोजेक्टर, थंडीत घोंगड्या पांघरून बसलेली माणसं. भिंतीवर दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली होती, डिसेंबर 2012 आणि डिसेंबर 2022. नाना म्हणाले, “ताई, ह्ये एवढं तांबडं कशाचं? रान पेटलंय का काय?” या चित्रांत हिरवं पीक तांबडं दिसतं. पान ज्या किरणांना सगळ्यांत जास्त परत फेकतं, ते आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत. कॅमेऱ्याला दिसतात, आणि चित्रात त्यांना तांबडा रंग देतात. जितकं पीक जोमदार तितकं ते तांबडं. पाणी काळंशार दिसतं. हे एकदा सांगितल्यावर लोक आपापली रानं शोधायला लागले. पाझर तलाव सापडला, वडाचा माळ सापडला, मग ओढा.

तेवढ्यात मागून एक आक्का उठल्या आणि थेट भिंतीजवळ गेल्या. त्यांनी बोट टेकवून ओढा वरून खाली गिरवला. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या हातावर पडला होता, बांगड्यांवर शिवार आलं होतं. बंधाऱ्यापाशी बोट थांबलं. “ह्याच्या खाली तांबडं हाय. वर न्हाई. आमची वस्ती वर हाय.” सभेत कोणी काही बोललं नाही. दहा वर्षांत तीन सिमेंट बंधारे झाले, तिन्ही खालच्या अंगाला. वरच्या वस्तीची माणसं हे दर ग्रामसभेत सांगत होती, पण त्यांची ती नेहमीची तक्रार म्हणून पुढचा विषय घेतला जायचा. त्या रात्री तसं झालं नाही. पुढचं काम वरच्या उतारावर, सलग समतल चरांचं, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीतल्या चरांचं, असा ठराव झाला.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. 2012 दुष्काळी वर्ष आणि 2022 बऱ्या पावसाचं, त्यामुळे सगळं तांबडं बंधाऱ्यांच्या खात्यावर टाकणं खोटं ठरेल. आम्ही शेजारचं, जिथे काहीच काम झालं नाही असं गाव त्याच दोन तारखांना बघतो, आणि दोन्ही वर्षांचा पाऊस मांडून मगच बोलतो. चित्र सुंदर असतं म्हणून ते लगेच खरं मानलं जातं. अहवाल लिहिणाऱ्यांनी हे फार सांभाळायला हवं.

आता हे फुकट का मिळतं, याबद्दल. एप्रिल 2023 मध्ये भारतीय अंतराळ धोरण जाहीर झालं. बातम्या आल्या त्या खासगी कंपन्यांच्या, त्यांचे अग्निबाण, त्यांचे उपग्रह, त्यांना परवानगी देणारी अहमदाबादची इन-स्पेस. ते महत्त्वाचं आहेच. आपल्या वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांचे भाग कित्येक वर्षं घडत आलेत, त्या कामगारांना या धोरणातून जास्त काम मिळावं असं मलाही वाटतं. पण मी ते धोरण उघडलं ते एका तरतुदीसाठी. इस्रोच्या उपग्रहांची 5 मीटर ठिपक्याची आणि त्याहून ढोबळ चित्रं सर्वांना खुली आणि मोफत. लिस-4 चे 5.8 मीटर या रेषेच्या जेमतेम अलीकडे बसतात. ही रेषा 10 मीटरवर ओढली असती तर आक्कांना त्या भिंतीवर बोट ठेवायला इतकं बारीक चित्र मिळालं नसतं. त्याआधीचं 2011 चं सुदूर संवेदन माहिती धोरण मुख्यतः कोणाला काय आणि कुठल्या परवानगीने द्यायचं याबद्दल होतं. नकाशांवरचे निर्बंध फेब्रुवारी 2021 मध्ये सैल झाले, आणि 2023 मध्ये हे दार उघडलं.

दार उघडायला बाहेरच्यांचाही हात लागला, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. अमेरिकेने आपल्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं 2008 मध्ये फुकट केली. युरोपने सेंटिनेल पहिल्यापासून खुले ठेवले, आणि मार्च 2018 मध्ये त्यांचा आपल्याशी करार झाला. त्यांच्या सेंटिनेलची माहिती आपल्याला, आपल्या जमीन, समुद्र आणि वातावरण बघणाऱ्या नागरी उपग्रहांची माहिती त्यांना. आपला जमीन बघणारा आयआरएस-1ए हा उपग्रहही 17 मार्च 1988 ला सोव्हिएत अग्निबाणावर बैकानूरहून वर गेला होता. तेव्हा आपण दुसऱ्याच्या गाडीतून गेलो, आता दुसऱ्या देशांबरोबर मिळून उपग्रह बांधतो. जून 2023 मध्ये चंद्रमोहिमांसाठीच्या आर्टेमिस करारावर आपण सही केली, त्याची चर्चा खूप झाली. माझ्या लेखी 2018 चा तो साधा देवाणघेवाणीचा करार जास्त मोलाचा, कारण तो बांधावर पोहोचला.

पावसाळ्यात मात्र ही सगळी चित्रं निकामी असतात. जून ते सप्टेंबर वर ढग, खाली काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि बाजरी पेरल्यावर ओल टिकली का नाही हे तर आम्हाला तेव्हाच कळायला हवं असतं. म्हणून नासा आणि इस्रोने मिळून बांधलेल्या निसार या रडार उपग्रहाकडे माझे डोळे लागलेत. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून तो गेला तेव्हा आम्ही सगळे कचेरीतल्या एका मोबाइलभोवती उभे होतो. नासाचं लांब लाटेचं एल-बँड रडार, इस्रोचं आखूड लाटेचं एस-बँड रडार, आणि दोघांसाठी 12 मीटर व्यासाची एकच जाळीदार तबकडी. रडारला ढग आडवा येत नाही, रात्रही नाही. दर 12 दिवसांनी तीच जमीन पुन्हा मोजली जाते. या कामाचा करार 2014 मध्ये झाला होता, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं दोन देशांची माणसं एका यंत्रावर राबली, सरकारं बदलली तरी. माहिती जगाला खुली ठेवायची हेही ठरलेलं. लांब लाट झाडोऱ्यातून खोल जाते, आखूड लाट खुरट्या पिकाला जास्त दाद देते, म्हणून दोन रडारं. आमच्या माळावर दोन्ही लागणार. रडारचं चित्र रवाळ असतं, रव्यासारखं सांडलेलं, ते वाचायला वेगळी नजर लागते. सध्या युरोपच्याच सेंटिनेल-1 च्या रडारचित्रांवर आम्ही हात बसवतोय.

माझं एक मागणं आहे आणि ते धोरण ठरवणाऱ्यांकडे आहे. दोन फुटी चर किंवा शेताची ताल 5.8 मीटरच्या चित्रात दिसत नाही, दिसतो फक्त परिणाम. इस्रोच्याच कार्टोसॅट उपग्रहांच्या बारीक चित्रांत पुष्कळ जास्त दिसेल. 5 मीटरपेक्षा बारीक चित्रं या धोरणात सरकारी संस्थांना मोफत आहेत, बाकीच्यांना रास्त किमतीत. पाणलोटाचं काम गावच करतं. ग्रामपंचायतीच्या ठरावावर, गावापुरत्या हद्दीसाठी, वर्षातून एकदा ते चित्र गावाला मोफत मिळावं. आणि ते मराठीतल्या खुणांसह मिळावं, म्हणजे माझ्यासारखी कोणी मध्ये उभी राहावी लागणार नाही.

नव्याने सुरुवात करणार असाल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर एवढ्याच तारखा आधी शोधा. परतीचा पाऊस संपलेला असतो, आभाळ मोकळं, शाळू उभा. दोन वर्षं ताडून बघताना दोन्ही तारखा एकाच महिन्यातल्या घ्या. पहिलं चित्र अशा गावाचं घ्या जिथला प्रत्येक बांध तुम्ही पायाखाली घातलाय, म्हणजे कुठला रंग कशाचा ते नजरेत बसेल. सेवेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. उरलेला अर्धा त्या बारीक चित्रांसाठी राखून ठेवलाय.

भिंतीवर दाखवलेलं ते चित्र आम्ही मोठ्या कागदावर छापून ग्रामपंचायतीत लावलं. आठवड्याभराने गेले तर वरच्या उतारावर कोणीतरी निळ्या पेनाने आडव्या रेघा ओढल्या होत्या. मेमध्ये त्याच रेघांवर चर खणायला सुरुवात झाली. आता डिसेंबरचं चित्र उतरवायचं आहे.