सात महिने, ११ हजार किलोमीटर आणि दोन फूट आखूड वायर

काल संध्याकाळी गाडी, म्हणजे माझा इलेक्ट्रिक टेम्पो, परत मिळाली. ११ दिवस सर्व्हिस सेंटरला पडून होती, म्हणून राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो. इलेक्ट्रिक टेम्पोची माहिती सगळ्यांना पाठ असते, ती उगाळत नाही. बॅटरी २१ युनिटची आणि माल ६०० किलो, एवढं पुढच्या हिशोबापुरतं लक्षात असू द्या.

माझा धंदा पाण्याच्या जारचा. भरलेला जार २१ किलोचा, म्हणजे एका खेपेला २८ जार. साताऱ्यात सदर बझार, गोडोली, शाहूपुरी, पोवई नाका असं फिरून दिवसाला ६०-६५ किलोमीटर होतात. आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावरची हॉटेलं.

झालं असं की एका रात्री चार्जिंग सुरूच होईना. सर्व्हिसवाले फोनवरच म्हणाले, "तुमचं अर्थिंग खराब आहे." वायरमन बोलावला, त्याने मीटर लावून दाखवलं, अर्थिंग ठणठणीत. तरी ते ऐकेनात. शेवटी गाडी टोइंग करून त्यांच्या दारात नेली, त्यांच्याच सॉकेटला लावली आणि तिथेही ढिम्म! मग साहेबांचा आवाज खाली आला. आतला चार्जर गेला होता. वॉरंटीत बदलून मिळाला, पण "पार्ट पुण्याहून येतोय" हे वाक्य मी रोज एकदा ऐकलं. पुणे ११० किलोमीटरवर आहे, चालत आणला असता तरी लवकर आला असता. तोवर भाड्याचा डिझेल टेम्पो, ड्रायव्हरसकट रोज १,२०० रुपये. इलेक्ट्रिकवर दोन महिन्यांत वाचवलेलं सगळं त्यात गेलं.

त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियातून भाच्याचा फोन. तो कामासाठी बीवायडी शार्क ६ हा पिकअप चालवतो. जवळपास ३० युनिटची बॅटरी, जोडीला दीड लिटरचं पेट्रोल इंजिन. रात्री घरी चार्ज करायची, दिवसाचं काम बॅटरीवर, लांब जायचं तर पेट्रोल. "मामा, तुम्ही प्लग-इन हायब्रिडच घ्यायची होती." आपल्याकडे असा माल वाहायचा टेम्पो मिळतच नाही, हे त्याला कोण सांगणार! पण मनात किडा वळवळायला लागला. छोटंसं इंजिन असतं तर ११ दिवस गाडी दारात उभी राहिली नसती, हे खरंच की.

इथपर्यंत लिहून वही काढली आणि माझं मत जरा हललं. सात महिन्यांत बॅटरी पुरणार नाही असे दिवस किती आले? चार. चारही वेळा पुण्याहून माझ्या पाण्याच्या प्लँटचं सामान आणायचं होतं, आणि चारही वेळा ते ट्रान्सपोर्टने स्वस्तात आलं. त्या चार दिवसांसाठी इंजिन, टाकी, सायलेन्सर मिळून शंभर किलो तरी रोज वाहायचे. म्हणजे प्रत्येक खेपेला पाच जार कमी. शिवाय ऑइल, फिल्टर आणि पीयूसी परत मागे लागणार. आणि रोज चार्ज करायचा कंटाळा केला, तर बॅटरीचं ओझं पेट्रोलवर ओढायचं. आज कोरेगाव, उद्या वाशी मार्केट असं ज्याचं काम आहे, त्याला हायब्रिड सोन्यासारखी. माझ्यासारख्या ठरलेल्या फेरीवाल्याला नको.

पैशाचं सांगतो. डिझेलला रोजचे ३६० रुपये जायचे. आता दहा युनिट लागतात, सगळे आकार धरून १२० रुपये. हे प्लँटच्या मीटरवर. घरच्या मीटरला एक महिना लावून बघितली, तर बिल महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये गेलं आणि जेवताना बायको बोलेना. ती चूक करू नका.

घाटाची मात्र मला धास्ती होती आणि तिथेच गाडीने मन जिंकलं. २८ जार घेऊन यवतेश्वर चढताना डिझेलची गाडी दुसऱ्या गिअरला रडायची. ही मुकाट चढते. आणि येताना गंमत अशी की मोटारच ब्रेक लावते आणि वीज परत बॅटरीत जाते. बंद पडण्याआधीच्या एका खेपेला माथ्यावर ६१ टक्के होते, समर्थ मंदिराजवळ आलो तर ६३. फुकटात वीज मिळाल्याचा आनंद सातारकरालाच कळेल. फक्त बॅटरी पूर्ण भरलेली असताना हे होत नाही, तेव्हा पायातल्या ब्रेकवरच भिस्त.

आता मुख्य दुखणं. चार्जिंगची वायर. कंपनीने दिलीय पाच मीटर. आमचा बोळ अरुंद, चार्जिंगचं तोंड गाडीच्या पुढच्या अंगाला, सॉकेट प्लँटच्या आत. वायर बरोबर दोन फूट कमी पडते. एक्स्टेन्शन लावू नका असं पुस्तकात आहे. तरी एकदा लावलं, तर पहाटे प्लगची पिन तापून हात लावू देत नव्हती. सहा महिने रोज रात्री रिकामे जार बाजूला रचून, गाडी उलटी घालून, आरसा मिटून भिंतीला खेटून लावतोय. डावा आरसा दोनदा फुटला. लाखो रुपयांच्या गाडीला दोन फूट वायर जास्त द्यायला यांचं काय जात होतं? सर्व्हिसच्या फॉर्मवर हेच लिहिलं, तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, हा रकाना बिघाडाचा आहे."

आज सकाळी गवंडी बोलावून भिंत फोडली आणि सॉकेट बाहेर घेतला. गवंडी, वायरमन आणि पावसासाठी पत्र्याची पेटी मिळून १,८०० रुपये. गाडी आता सरळ लागते. वायर दीड फूट उरते, ती गुंडाळून ठेवायला खिळा मारायचा राहिलाय.