जुन्या मॅसीवर पाने-पिना ठेवायचा डबा : ८ महिन्यांच्या वापरानंतर

आमची मॅसी फर्ग्युसन १०३५ म्हणजे १९८६ चा ट्रॅक्टर. ३ सिलिंडरचं सिम्पसन इंजिन, दोनदा उतरून (पूर्ण खोलून दुरुस्त करून) झालंय, पण अजून अर्ध्या सेल्फवर चालू होते. ओरिजनल टूलबॉक्स आधीच्या मालकाकडंच कुठंतरी गळून पडलेला, त्यामुळे इतकी वर्षं आमचे पाने सीटखाली, पायाखाली, सायलेन्सरजवळच्या फटीत, जिथं जागा मिळेल तिथं. गेल्या मे महिन्यात बांधावर वळताना ग्रीसगन गडगडत आली आणि बरोबर क्लचच्या पायडलखाली अडकली. पायडल दबेना, समोर विहिरीचं कठडं. थ्रॉटल कमी करून, ब्रेकवर उभा राहून कशीबशी थांबवली. त्याच संध्याकाळी म्हणलं आता बास, हिला डबा करायचाच.

तयार डबे दुकानात मिळतात पण ते नव्या ट्रॅक्टरच्या मापाचे, आणि पत्रा इतका पातळ की बोटानं दाबला तर वाकतो. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. १८ इंच लांब, ८ रुंद, ८ उंच, १६ गेजचा पत्रा, १४०० रुपये. डाव्या मडगार्डवर बसवला कारण उजव्या हाताला हायड्रॉलिकचे लिव्हर, तिकडं काही नको, आणि चढउतर डावीकडूनच असते तर खाली उभं राहूनही हात पोचतो. मडगार्डला गोलाई असल्यामुळे खाली अँगलचे दोन पाय वाकवून घ्यावे लागले. वेल्डिंग मात्र कुठंच करू दिलं नाही, सगळं बोल्टवर. फॅब्रिकेशनवाला म्हणत होता दोन टाके मारतो, आयुष्यभर हलणार नाही. अहो पण जुना पत्रा आहे, टाका मारला की शेजारूनच चिरतो, आणि उद्या डबा काढायचा म्हणलं तर कटर आणायचा का?

तरी चिरलाच. पहिल्या महिन्यात उत्साहात सगळं आत भरलेलं, मोठा पाईप पाना, हातोडा, दोन फाळ, जुने बेरिंग "लागतील कधीतरी" म्हणून. दूध डेअरीच्या काट्यावर नेऊन वजन केलं तर डब्यासकट २२ किलो! तीन सिलिंडरच्या थरथरीत एवढं वजन मडगार्डवर नाचणार म्हणल्यावर दुसरं काय होणार. बोल्टच्या भोकापासून बोटभर चीर गेली, दोन नट तर नांगरटीत रानातच पडले. मग खालून ३ एमएमची पट्टी आडवी घातली, पायाखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे, आणि साध्या नटांऐवजी नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीनं ढिले न होणारे नट). त्यानंतर आजपर्यंत एकही नट ढिला नाही. वजनही ११ किलोवर आणलं. जे महिन्यात एकदाही हातात आलं नाही ते घरी, असा सरळ हिशोब.

आता पान्यांचं सांगतो, कारण खरी गोची तिथंच आहे. ही गाडी इंचातली. नवीन पोरं १२-१३, १४-१५ चा मिलिमीटरचा सेट घेऊन येतात आणि नटाचे कोपरे गोल करून जातात. जुने मिस्त्री सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ६ सुताच्या नटाला १९ चा पाना चालतो कारण ६ सूत म्हणजे १९.०५ एमएम. ५ सुताला १६ चा चालतो. पण ४ सूत म्हणजे १२.७, तिथं १३ चा ढिला बसतो, आणि साडेचार सूत म्हणजे १४.२९, म्हणजे १४ चा आत जात नाही आणि १५ चा घसरतो. आमच्या गाडीचे निम्मे नट या साडेचारनंच गोल झालेत. म्हणून डब्यात आता इंचाचे फक्त ५ रिंग पाने, एक स्क्रू पाना, एक पक्कड, एक लांब स्क्रू ड्रायव्हर. डिझेल लाईनमध्ये शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढायला जे दोन पाने लागतात त्यांना लाल ऑइलपेंट मारलाय. एअर धरते ती नेहमी अंधार पडतानाच, तेव्हा रंग बघून हात जातो.

मॅसीचा जो मूळ वंश, हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० ट्रॅक्टर, त्याच्याबरोबर एक पाना यायचा. एका टोकाला ११/१६, दुसऱ्या टोकाला १ पूर्णांक १/१६, आणि दांड्यावर इंचाच्या खुणा, म्हणजे पाना पण तोच आणि नांगर सेट करायची पट्टी पण तीच. हे कळल्यावर मी आमच्या एका पान्याच्या दांड्यावर ग्राइंडरनं इंचाच्या खुणा पाडल्या. नांगराची खोली बघायला आता काडी शोधत बसत नाही. फुकटातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच झाली.

पाने आधी ताडपत्रीच्या गुंडाळीत ठेवले होते, बॅगा शिवणाऱ्याकडून कप्पे पाडून घेतलेले, दिसायला एकदम भारी. पण पावसाळ्यात ताडपत्री आतल्या बाजूनं ओल धरून बसली आणि ऑगस्टमध्ये उघडली तर दोन पाने तांबडे लाल. आता डब्याच्या तळाला दोन भोकं पाडलीत पाणी जायला, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा, आणि पाने जळक्या ऑइलच्या फडक्यात. खडखडाट पण त्या ट्यूबनं गेला.

झाकणाची मात्र चूक झाली, फॅब्रिकेशनवाल्यानं बिजागरी सीटच्या बाजूला लावून दिली, त्यामुळे उघडलं की झाकण ड्रायव्हरच्या कोपराला. सांगितलं होतं तरी. बदलायचंय, राहिलंय.

ग्रीसगनसाठी ३ इंची पीव्हीसी पाईपचा दीड फूट तुकडा, एका बाजूला बूच, दुसऱ्या बाजूला आट्याचं झाकण, सीटमागं क्लॅम्पनं उभा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गन तोंड वर करून ठेवायची, नाहीतर उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन सगळं खाली. आणि झाकण लावायचंच, कारण मी आठ दिवस उघडा ठेवला तर कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलं, गन काढायला गेलो तर फुटाणे निघावेत तशी ढेकळं निघाली.

पिनांचं काम डब्यात जमत नाही, हे माझं स्पष्ट मत. आमची टॉपलिंकची (अवजार वरून ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) पिन ६ सुती, पण गावातला भाड्याचा रोटाव्हेटर १ इंची भोकाचा, म्हणजे मधली फट भरायला बुश पण लागतो. या गोष्टी डब्यात तळाशी जातात आणि वेळेला सापडत नाहीत. आता प्रत्येक लॉकपिनला वीतभर साखळी लावून जिथली तिथं बांधलीय, बुश टॉपलिंकच्याच साखळीत. पीटीओचं (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) टोपण काढलं की ते पण तिथंच अडकवायचं. या ८ महिन्यांत एकही पिन विकत आणली नाही. आधी दर हंगामाला चार-पाच जायच्या.

बॅटरीच्या वर मोकळी जागा दिसते म्हणून तिथं पाना ठेवणारे लय आहेत, ते करू नका. दोन टर्मिनलवर आडवा पडला तर वेल्डिंगच होतं.

एक फायदा मी धरलाच नव्हता. डबा बसल्यापासून डाव्या मडगार्डवर कुणाला बसता येत नाही. ऊसतोडीच्या दिवसात गावातला एकेकजण "सोड की रे फाट्यापर्यंत" म्हणत टेकायचा, नाही म्हणता यायचं नाही. आता डबा बघून स्वतःच ट्रॉलीकडं वळतात. आमच्या अण्णांना हेच सगळ्यात पटलं. बाकी डब्यावर त्यांचा विश्वास नाही, त्यांची जुनी पक्कड अजून सीटखालच्या स्प्रिंगमध्येच असते.

कुलूप लावलं होतं, चिखलानं महिन्यात जाम झालं. आता कडीत नुसता बोल्ट, आणि रात्री पान्यांचं फडकं घरात.

पाण्याच्या कॅनला अजून जागा सापडली नाही. सध्या तो हेडलाईटला लटकतो.